विझली असं मी लिहिलं होतं

म्हसावदहून उत्तरेला निघालं की रस्ता केळीच्या आणि उसाच्या शेतांतून सरळ जातो आणि मग एकाएकी सातपुड्याला जाऊन भिडतो. तो जिथं भिडतो तिथं माझं बीट आहे. मी वनरक्षक आहे. पाड्यावरचे लोक गार्डबाई म्हणतात. मी खालच्या सपाटीवरची, घरी आम्ही अहिराणी बोलतो. डोंगरात घरोघर पावरी. पहिलं वर्षभर मला तिथल्या बायकांचं हसणं तेवढं कळायचं, बोलणं नाही.

लहानपणी आई मला दुपारी बाहेर सोडायची नाही. "कोठे जाई ऱ्हायनी एवढा ऊनमा? दुपार म्हंजे रातनी बहीन," असं म्हणून ती दाराला कडी घालायची. मला वाटायचं, पोरांना झोपवायचा तो बहाणा. नोकरीत मी दुपारीच जास्त फिरले, कारण वणवा दुपारीच फुलतो, आणि कधी घाबरले नाही. त्या एका उन्हाळ्यापर्यंत.

तेव्हा माझ्याबरोबर एक म्हातारे वॉचर होते. आगीच्या हंगामात खातं त्यांना चार महिने कामावर घ्यायचं. माझं वय जेवढं, जवळपास तेवढे उन्हाळे त्यांनी वणवे विझवण्यात काढले होते. धुराच्या वासावरून ते झाड सांगत: हा साग, ही सालई, हा बांबू. मी त्यांना बाबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला माय. ते माझ्याशी मराठी आणि अहिराणी मिसळून बोलत. माय फक्त पावरी बोलायची आणि मला भाकरी वाढताना काहीच बोलायची नाही.

होळीची राख अजून पाड्याच्या मोकळ्या जागेत होती तेव्हा सागाच्या उतारावर त्या वर्षीची पहिली आग लागली. आम्ही सहा जण होतो. हिरव्या फांद्यांनी झोडपत, पुढचा पाला ब्लोअरनं बाजूला सारत दोन-तीन तासांत ती आटोक्यात आणली. शेवटी सालईचं एक जुनं खोड उरलं. वरून काळं, आतून धुमसणारं. त्यावर आम्ही माती टाकली, तसा धूर थांबला. बाबा मात्र तिथंच उकिडवे बसले आणि बराच वेळ तळहात मातीवर ठेवून राहिले.

"बाई, हे खणून काढू," ते म्हणाले. "मुळात आग शे."

मी घड्याळ पाहिलं. पाणी संपलं होतं, माणसं सकाळपासून उपाशी होती, आणि मोबाइलवर शेजारच्या बीटातल्या आगीचा संदेश येऊन पडला होता.

"माती टाकलीय ना बाबा. रात्रीतून मरेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हात झटकला आणि उठले. संध्याकाळी मी अहवालात लिहिलं: आग पूर्णपणे विझवली.

त्यानंतर ऊन चढलं. आमच्याकडं मे महिन्यात चढतं तसंच, फक्त मे यायला बराच अवकाश होता. पहाटे उठून भिंतीला हात लावला तर भिंत कोमट लागायची. टाकीचं पाणी अंगावर घेववत नसे. खात्याकडून रोज संदेश यायचा: उष्णतेची लाट आहे, दुपारी बाहेर पडू नका. त्याच्याखालीच दुसरा संदेश: आगीवर लक्ष ठेवा, बीट सोडू नका. मी दोन्ही वाचायची आणि टोपी घालून निघायची.

एका प्रशिक्षणात एका साहेबांनी आम्हाला समजावलं होतं. हवा जेवढी तापते तेवढी तिची तहान वाढते. पानातलं, लाकडातलं, मातीतलं पाणी ती ओढून घेते. सगळं जग तापत चाललंय म्हणजे आपल्यापुरतं काय, तर अशी तहानलेली हवा आता लवकर येते आणि जास्त दिवस मुक्काम करते. आग लावायला बहुतेकदा माणूसच लागतो, पण तिला पोसायला ही हवा पुरते. तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. ते कसं दिसतं हे त्या आठवड्यात पाहिलं.

नाल्याच्या वळणावर अर्जुनसादड्याचं एक मोठं झाड आहे. त्यावर शेकडो वाघळं लटकलेली असायची, माझ्या आधीपासून, बाबांच्याही आधीपासून. लाटेच्या पहिल्या दिवशी मी तिथून गेले तेव्हा झाडातून एक आवाज येत होता. कुणी शेकडो सुपं एकदम पाखडावीत तसा. वर पाहिलं तर प्रत्येक वाघूळ उलटं लटकून एका पंखानं स्वतःला वारा घालत होतं. दिवसभर तो आवाज चालू होता. दुसऱ्या दिवशी ती अंगावर थुंकी चोळत होती, ओलाव्यासाठी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी झाडाजवळ पोचले आणि आवाज थांबला होता.

मग एक पडलं. पिकलेला फणस पडावा तसं. मग दुसरं. जोरानं नाही, घाईनं नाही. थोड्या थोड्या वेळानं. काही माद्या होत्या, त्यांच्या पोटाला पिल्लं धरलेली होती आणि पिल्लं जिवंत होती. पाड्यावरचं कुणी पुढं येईना. बाबा एकटे आले, खांद्यावरचा पंचा नाल्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यात भिजवून त्यांनी तो पिल्लांवर पिळला. थोडी वाचली असावीत. बाकीची आम्ही वाळूत पुरली. पुरताना बाबा एवढंच म्हणाले, "हे मी कधी पाहिलं नव्हतं." त्यांच्या तोंडून मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी सगळं पाहिलेलं असतं, असं मी धरून चालले होते.

चौथ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मी पाड्यावर आले. सगळी दारं लावलेली. मोकळ्या जागेत वानरं बसली होती, चाळीसेक असतील, लेकुरवाळ्यांसकट. कुत्री त्यांच्या शेजारी जीभ काढून पडली होती आणि भुंकत नव्हती. मी वानरांच्या मधून चालत गेले तरी एकही हललं नाही. ती सगळी डोंगराकडं पाठ करून बसली होती. रातकिड्यांसारखे जे किडे भर उन्हात किर्र लावतात, तेही गप्प होते. माझ्या बुटांखाली पान मोडलं त्याचा आवाज मला मोठा वाटला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. उपग्रहाला आमच्या डोंगरावर उष्णता दिसली होती. नकाशावर लाल ठिपका. सागाचा उतार.

बाबा त्यांच्या ओट्यावर उभेच होते. मी ठिपका दाखवायच्या आधी त्यांनी पाण्याचा कॅन उचलला. मी वनपालांना फोन केला, त्यांनी गाडी आणि माणसं पाठवतो म्हणून सांगितलं, पण ती दुसऱ्या टोकाला होती, तासभर तरी लागणार होता. आम्ही दोघं चढायला लागलो. बाबा नेहमी सावकाश चढत. त्या दिवशी मला त्यांच्यामागं पळावं लागत होतं.

अर्ध्या वाटेवर मी मागून विचारलं, "बाबा, काय झालंय?"

ते वळले नाहीत. "ती मोहाला गेली. पहाटे. अजून उनी नही."

मोहाची फुलं पहाटे गळतात, बाया ती वेचून नऊ-दहापर्यंत घरी येतात. मायचं झाड सागाच्या उताराच्या वर होतं.

वणवा म्हटलं की लोकांना ज्वाळा आठवतात. भर दुपारच्या त्या उन्हात ज्वाळा दिसतच नाहीत. दिसते ती फक्त हलणारी हवा. झाडाचं खोड पाण्यात बघावं तसं थरथरतं, आणि जमिनीवर एक काळी कड पुढं सरकत येते. तिच्या अलीकडं पान पिवळं, पलीकडं पानच नाही. धूरही थोडाच होता, कारण पाला इतका वाळलेला होता की धूर व्हायला त्यात काही उरलंच नव्हतं. बाबांनी हात आडवा घातला म्हणून मी थांबले. माझ्या गुडघ्यापासून दोन हातांवर आग होती आणि मला ती दिसली नव्हती.

आम्ही खडकाच्या बाजूनं वळसा घालून वर गेलो. माय तिच्या झाडाखाली बसलेली होती. पाठ खोडाला टेकलेली, शेजारी टोपली फुलांनी भरलेली. लुगड्याचा पदर तिनं डोक्यावरून, खांद्यांवरून गच्च लपेटून घेतला होता आणि ती कुडकुडत होती. मी तिचा हात धरला. तापलेल्या तव्यावरचा भाकरीचा पापुद्रा असावा तसा तो लागला; घामाचा टिपूस नव्हता. ती माझ्या खांद्याच्या मागं, रिकाम्या जागेकडं पाहत बोलत होती. न थांबता, गोड आवाजात. वर्षभरात मी तिच्या तोंडून एवढं बोलणं ऐकलं नव्हतं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तिच्या बहिणीशी बोलते. माले थंडी वाजी ऱ्हायनी, गोधडी आण, म्हणते."

"बहीण कुठंय?"

"ही लगीन होऊन आली त्याच्या आधीच ती मेली."

मी मागं वळून पाहिलं. वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. मागं काहीच नव्हतं. हवा थरथरत होती.

तेवढ्यात वारा फिरला. आग उताराच्या दोन्ही अंगांनी वर चढू लागली आणि आता तिचा आवाज येऊ लागला, सागाची वाळकी पानं कुणी मुठीत चुरगाळत यावं तसा. वर पळणं शक्य नव्हतं. चढावर आग माणसाच्या पुढं असते. मला ते माहीत होतं आणि तरी माझे पाय वरच वळत होते. बाबांनी माझा दंड धरला.

"वर नही. जळेलमा. आतमा."

म्हणजे जळून गेलेल्या जमिनीत. जिथं एकदा जळलं तिथं पुन्हा जळायला काही नसतं. पण तिथं पोचायला आगीची ती कड ओलांडायची होती. बाबांनी मायच्या टोपलीतली फुलं ओतून दिली, टोपलीत अंथरलेली चादर ओढून काढली, आम्ही मायला त्यात घातलं, दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. उरलेल्या पाण्यातलं अर्धं तिच्यावर ओतलं, बाकीचं पंच्यावर आणि मी तोंडाला गुंडाळलेल्या ओढणीवर. ते जागा शोधत होते, जिथं पाला पातळ आहे आणि ज्वाळ घोट्याएवढीच आहे. सापडली तेव्हा त्यांनी मोजलं नाही, सांगितलं नाही, नुसते निघाले. मी श्वास धरला. चार पावलं असतील, पाचही. पॅंटच्या कडा करपल्याचा वास आला आणि आम्ही पलीकडं होतो.

त्या काळ्या जमिनीवर आम्ही अर्धा तास काढला. तिथं बसता येत नव्हतं, दगड तापले होते. मायला चादरीत धरूनच आम्ही पाय आळीपाळीनं उचलत उभे राहिलो, मग बाबांनी पायानं राख बाजूला सारून माती उघडी केली आणि तिथं तिला ठेवली. मी टोपीनं वारा घालत होते. आजूबाजूला झाडं उभी होती, काहींच्या खोडांत पोकळीतून लाल उजेड दिसायचा आणि जायचा. कुठंतरी एक खोड आतून जळून खचलं. कुणी दीर्घ श्वास सोडावा तसा आवाज झाला, आणि सगळं पुन्हा शांत. मायचं बोलणं थांबलं होतं. ते थांबल्याची मला जास्त भीती वाटली. बाबा तिच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होते, ते तिचं नाव होतं की दुसरं काही, मी कधी विचारलं नाही.

गाडी आली. माणसांनी खालून वाट केली. मायला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती बेशुद्ध होती. डॉक्टरांनी तिच्या काखेत, मानेला बर्फ लावला, अंगावर ओल्या चादरी घातल्या. उशीर अजून थोडा झाला असता तर वाचली नसती, असं ते म्हणाले. आग दुसऱ्या दिवशी सकाळी आटोक्यात आली.

पाड्यावर आणि कचेरीत एकच बोलणं चाललं होतं. मोहवाल्यांनी लावली. फुलं नीट दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, हे खरं आहे, आणि माय तिथंच सापडली होती. कचेरीतून फोनवर मला विचारण्यात आलं, "कारण काय लिहिताय? म्हातारीनंच पेटवलं असेल ना?"

मी पाहून सांगते म्हणाले. तिसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, मी बाबांना घेऊन वर गेले. मायच्या झाडाखाली खराट्याच्या रेघा अजून होत्या. तिनं पाला झाडून एका कडेला ढीग केला होता, आणि त्या ढिगाला आग बाहेरच्या बाजूनं लागलेली दिसत होती. तिनं जाळलं नव्हतं. मग आम्ही आगीच्या उलट्या दिशेनं उतरत गेलो. दगड एका बाजूनं काळा असतो, त्या बाजूनं आग आलेली असते. असं एकेक दगड बघत.

दगडांनी आम्हाला त्या सालईच्या खोडापाशी आणलं. खोड नव्हतंच तिथं. खड्डा होता, आणि खड्ड्यातून एक बोगदा निघाला होता, मुळाच्या आकाराचा, आतून पांढऱ्या राखेनं सारवल्यासारखा. बारा दिवस आग त्या मुळातून जमिनीखाली चालत गेली होती. आमच्या पायांखालून. मी त्या काळात तीनदा तिथून गस्त घातली होती. पाच-सहा हातांवर मूळ वर आलं होतं, तिथं सागाचा पाला साठला होता, आणि तिथून ती बाहेर पडली होती.

बाबांनी बोगद्यात कोपरापर्यंत हात घातला. "आजून ऊन शे," ते म्हणाले. अजून गरम आहे.

मी खाली बसले. मला वाटलं ते आता म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "लिही, अज्ञात. सगळा तेच लिहितस."

"तुम्ही खणायचं म्हणाला होतात."

"म्हणालो. मग मीबी गेलो ना तुझ्यासंगं." त्यांनी हातावरची राख पंच्याला पुसली. "पहिलं पहाटे दहिवर पडे. असं खोड दोन दिवसमा मरी जाये. माले वाटलं, यंदाबी मरेल. आता रात गार होत नाही, बाई. आगीला झोप येत नाही."

मी अहवालात सगळं लिहिलं. आधीची तारीख, खोड, माती, माझा निर्णय, बाबांचा सल्ला. वरून विचारणा झाली, मी उत्तर दिलं, माझ्या सेवापुस्तकात एक ओळ पडली आणि ती राहील. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मायचं नाव कागदावर कुठंही आलं नाही. पुढच्या हंगामापासून आमच्या बीटात विझलेल्या प्रत्येक जागेवर पंधरा दिवस रोज सकाळी कुणीतरी जातं आणि जुनी खोडं खणून पाणी घालतं. कामाची वेळही बदलली, पहाटे चार ते दहा. मागच्या वर्षी पहिली आग जानेवारी सरताना लागली.

बाबांनी वॉचरचं काम सोडलं. मायजवळ कुणीतरी लागतं. ती दोन आठवड्यांनी घरी आली, पण तिचं चालणं नावेत उभं राहिल्यासारखं झालं, आणि शब्द एकेक करून, शोधून आणावा तसा येतो. डॉक्टर म्हणाले, मेंदूला ऊन लागलं की असं राहू शकतं. तिचं झाड आता सून वेचते.

गंमत म्हणजे आता ती माझ्याशी बोलते. मला पावरी थोडी कळू लागलीय, आणि तिच्या संथपणामुळं जास्तच कळते. ती बहिणीबद्दल सांगते: दोघी लहान असताना तोरणमाळच्या वाटेवर गुरं चारायच्या, एकच पातळ दोघींना होतं. मी एकदा धीर करून विचारलं, त्या दिवशी ती खरंच आली होती का. मायनं बराच वेळ शब्द शोधला.

"आली तर होती," ती म्हणाली. "पण माझ्याकडं बघत नव्हती. तुझ्याकडं बघत होती."

बाबांनी ते ऐकलं आणि चुलीतली लाकडं मागं ओढली. दहा वाजत आले होते. सुनेनं दाराला ओलं पोतं बांधलं, आणि मी ऊन वाढायच्या आत खाली उतरले.